समाजवादी देशातली कृषी विज्ञान अकादमी : कल्पनाच चुकली की खुर्चीवरचा माणूस?

बांधावरून

मंडळी, लायसेंको, म्हणजे आनुवंशिकी नाकारणारा तो सोव्हिएत शेतीशास्त्रज्ञ, त्याचं नाव निघालं की आपल्याकडे सगळे "हां हां, तो भोंदू" म्हणून मोकळे होतात. पण तो ज्या संस्थेच्या खुर्चीवर जाऊन बसला ती संस्था मुळात का काढली, कशी काढली यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

सोव्हिएत युनियनची लेनिन कृषी विज्ञान अकादमी, रशियन लघुरूप 'वास्खनिल'. २५ जून १९२९ च्या सरकारी हुकमानं सुरू झाली. पहिले अध्यक्ष निकोलाय वाविलोव, म्हणजे पिकांची मूळस्थानं कुठे यावर ज्यांचं काम आजही शिकवतात तेच. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी १६ जुलैला इंग्रजांनी आपल्याकडे शेतीसंशोधनाची इंपिरियल कौन्सिल काढली, आजची आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद). तिकडे क्रांतीवाले, इकडे इंग्रजांच्या शेती आयोगाचे म्हणजे लिनलिथगो आयोगवाले, तीन आठवड्यांच्या अंतराने दोघांनाही वाटलं की शेतीसंशोधनाला देशपातळीवर एक छत हवं.

माझं मत असं की समाजवादात अशी अकादमी काढणं ही कल्पना काळाच्या पुढची होती. बियाणं गोळा करणं, वाण काढणं, माती, पाणी, यंत्र, जनावरं, शेतीचं अर्थशास्त्र सगळं एका माळेत, वर सरकारचा पैसा, आणि खाली निकाल घ्यायला देशभरची सामूहिक शेतं. बियाणं कंपनीचा नफा मध्ये नाही. फक्त चुकीचा माणूस वर बसला आणि वाट लागली. तुम्हाला काय वाटतं?

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. घरी गेलो की वाचतो.

शंकासुर

"फक्त चुकीचा माणूस वर बसला" यातला 'फक्त' मला पटला नाही भाऊ. चुकीचा माणूस बसला तर सगळा देश बुडेल अशी खुर्ची बनवली कुणी?

लालमाती

आले, भांडवलशाहीचे वकील आले. :ड

शंकासुर, १९२२ चा रशिया डोळ्यापुढे आणा. नुकताच व्होल्गाच्या पट्ट्यात भयंकर दुष्काळ होऊन गेलाय, यादवी संपतेय, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिल्या अखिल संघीय सोव्हिएत काँग्रेसमध्ये शेतीची मध्यवर्ती संस्था काढायचा ठराव होतो. १९२५ ला त्याची पहिली कडी म्हणून लेनिनग्राडला वाविलोवची संस्था उभी राहते. पोटाला अन्न नसताना हा माणूस १९२४ मध्ये अफगाणिस्तान पालथा घालतो, १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया), आणि पोत्यांनी बियाणं पाठवतो. कोणत्या सरकारनं तेव्हा एवढे पैसे दिले असते? अमेरिकेचा आनुवंशिकीवाला हर्मन म्युलर, ज्याला पुढे नोबेल मिळालं, तो १९३३ मध्ये आपणहून तिकडे कामाला गेला होता. उगाच गेला का?

तिफणकर

मी कृषी विद्यापीठात वाणनिर्मितीत उमेदीची सगळी वर्षं घातलेला माणूस, तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

धागाकर्त्यानं १९२९ चा योगायोग छान पकडला पण त्याच वर्षातला दुसरा योगायोग सोडला. अकादमी जूनमध्ये निघाली आणि वर्ष संपता संपता स्टालिननं सक्तीचं सामूहिकीकरण सुरू केलं. म्हणजे वाविलोव संस्था बांधायला बसले ते शांत काळातल्या हिशोबानं, आणि वरून मागणी आली ती आणीबाणीतली. चांगल्या शेतकऱ्यांना 'कुलक' (पैसेवाले शेतकरी) म्हणून हाकललं, जनावरं कापली गेली, १९३२-३३ ला युक्रेन आणि कझाखस्तानात माणसं उपाशी मेली. आता ह्या गोंधळाचं उत्तर बियाण्यात शोधा असं शास्त्रज्ञांना सांगितलं तर ते काय डोंबल देणार?

१९३१ ला सरकारनं काय केलं तर फर्मान काढलं, की वाण काढायला दहा-बारा वर्षं लागतात ते चालणार नाही, चार-पाच वर्षांत काढा. वाणाचं काम ज्यानं केलंय त्याला विचारा. संकर केला, पहिली पिढी आली, दुसऱ्या पिढीत सगळा विस्कोट, त्यातनं निवडायचं, पुन्हा पेरायचं, सहा-सात पिढ्यांनी ओळ स्थिर होते, मग ठिकठिकाणी चाचण्या. गव्हाला वर्षात एक हंगाम. फर्मानानं हंगाम वाढत नाहीत. वाविलोवनी खरं सांगितलं की वेळ लागेल. लायसेंको म्हणाला मी अडीच वर्षांत देतो. तुम्ही मंत्री असता तर कुणाची फाईल वर घेतली असती?

म्हणून माझं म्हणणं, माणूस खुर्चीवर नंतर बसला, आधी खुर्चीला तारीख ठोकली.

अमृतकुंभार

तिफणकर काका, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

गोठेवाली

काका पण ते लायसेंकोचं गव्हाच्या बियाण्याला थंडी दाखवणं खोटं होतं का? आमच्या ताईंच्या मुलीला बारावीला आहे तो धडा, व्हर्नलायझेशन की काय.

तिफणकर

नाही ताई, तो प्रकार खरा आहे आणि लायसेंकोच्या आधीपासून माहीत होता. तिकडे गव्हाच्या दोन जाती, एक शरदात पेरून बर्फाखाली झोपणारी, दुसरी वसंतात पेरायची. पहिलीला थंडी मिळाल्याशिवाय ओंबी धरत नाही. बी ओलवून काही आठवडे थंडीत ठेवलं तर ती वसंतात पेरूनही ओंबी धरते. इथवर सगळं बरोबर.

पुढे ह्या गड्यानं काय केलं, की हे करा म्हणजे उत्पादन वाढतं असं सांगून हजारो सामूहिक शेतांना कामाला लावलं. आता डोळ्यापुढे आणा. शेडमध्ये ओल्या गव्हाचे ढीग, बायामाणसं फावड्यानं खालीवर करतायत, थंडी जास्त झाली तर बी मरतं, कमी झाली तर कोंब फुटतात, हवा नाही लागली तर बुरशी. त्यात ओलं बी फुगलेलं, पेरणीयंत्रात अडकणार. आणि ह्या सगळ्याचा पुरावा काय तर शेतांना पाठवलेल्या प्रश्नावल्या! "किती वाढ झाली?" खाली बसलेला चेअरमन "शून्य" लिहील का? शेजारी न भिजवलेल्या बियाण्याचा कंट्रोल प्लॉट धड नाही, रिप्लिकेशन (तोच प्रयोग अनेक वाफ्यांत पुन्हा लावणं) नाही. आमच्याकडे जॉइंट ॲग्रेस्कोच्या, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत असला डेटा घेऊन कुणी उभा राहिला असता तर पहिल्या पाच मिनिटांत खाली बसवला असता.

शंकासुर

खरंच बसवला असता का काका? की कुणाचा माणूस आहे ते आधी बघितलं असतं? :)

तिफणकर

खाली बसवला असता. नंतर त्याला प्रमोशन मिळालं असतं ती गोष्ट वेगळी. (विद्यापीठाचं नाव विचारू नका.)

भाकरतुकडा

=)) =))

वऱ्हाडी_ठेचा

थोडं अवांतर. समाजवाद, शेतीशास्त्र अन् मराठी माणूस हे तीन एका जागी पायजे असन तर आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घ्या ना. गदर पार्टीतला क्रांतिकारक, १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय अन् मंडळींबरोबर मॉस्कोले गेला, तिथून पुढे मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाला. मक्याच्या संकरावर काम केलं. अन् महत्त्वाचं म्हणजे तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी 'मोफत कृषी शाळा' काढल्या, वावरातच शिकवायचं. सरकार क्रांतीचंच, पण फर्मान नाही. खालून वर. आपल्या धाग्यावरच्या अकादमीची उलटी बाजू म्हणा. शेवटी नागपुरातच वारले, १९६७ ले. आमच्याकडेही किती जणांले माहीत आहे देव जाणे.

बांधावरून

वऱ्हाडी, भारी. खानखोज्यांवर वेगळा धागा काढा बरं, मागे लागून घेतो.

तिफणकर, पटतंय, पण मग वाविलोवनी स्वतः लायसेंकोला मोठा केला त्याचं काय? सुरुवातीला त्यांनीच पाठ थोपटली. त्यांना वाटलं थंडी द्यायच्या पद्धतीनं जगभरची वाणं एका वेळी फुलोऱ्यात आणता येतील, संकराला सोयीचं. म्हणजे संस्था आतून किती मोकळी होती बघा, अझरबैजानच्या गांजातल्या केंद्रावरचा शेतकऱ्याचा पोरगा वरपर्यंत येऊ शकला.

लालमाती

तेच तर. मेंडेलवाले, म्हणजे लायसेंकोच्या विरोधातले आनुवंशिकीवाले, सगळे बूर्झ्वा घरातले, परदेशी भाषा बोलणारे. लायसेंको पोल्टावाकडचा शेतकरी. त्या काळात हे राजकारण समजून घेतल्याशिवाय नुसतं भोंदू म्हणणं सोपं आहे.

शंकासुर

लालमाती, समजून घेतलं. आता हेही समजून घ्या. वाविलोवनंतर १९३५ ला अध्यक्ष मुरालोव, १९३७ ला अटक, गोळी. त्यांच्या जागी तात्पुरते माइस्टर, तेही त्याच वर्षी धरले गेले आणि परत आले नाहीत. १९३८ ला लायसेंको. ६ ऑगस्ट १९४० ला वाविलोव युक्रेनमध्ये बियाणं गोळा करत असताना उचलले. आधी मृत्युदंड, मग वीस वर्षं, आणि २६ जानेवारी १९४३ ला सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं गेले. अकादमी निघून चौदा वर्षं झाली नव्हती हो. पहिले तिन्ही प्रमुख सरकारनंच संपवले. ही काय 'चुकीचा माणूस वर बसला' अशी गोष्ट आहे?

गोठेवाली

बापरे. जगाला बियाणं देणारा माणूस उपाशी मेला.

अमृतकुंभार

आणि त्याच काळात लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा, ८७२ दिवस. वाविलोवच्या संस्थेत तांदूळ, गहू, शेंगदाणे, बटाटे सगळं साठवलेलं आणि तिथली माणसं भुकेनं मरतायत. भुईमुगाचे तज्ज्ञ श्चुकिन टेबलापाशीच गेले, भातावर काम करणारे इवानोव गेले, आजूबाजूला पाकिटांत भात. कुणी हात लावला नाही. हे लोकही त्याच समाजवादी संस्थेचे होते हे विसरू नका.

लालमाती

+१. हे लिहिल्याबद्दल आभार.

एल्बेकाठी

उशिरा आलोय, जर्मनीत असतो, मॅग्डेबुर्गजवळ. इथून फार लांब नाही असं एक गाव आहे गाटर्सलेबेन. तिथं पूर्व जर्मनीच्या काळातली पीकसंशोधन संस्था आणि तिची बियाणे बँक, आजही जर्मनीतली सगळ्यात मोठी. आणि ह्या धाग्याला जे उदाहरण हवंय ते इथंच आहे.

पूर्व जर्मनीनं १९५१ मध्ये सोव्हिएत धर्तीवरच कृषी विज्ञान अकादमी काढली. तीच एक छत, सरकारी पैसा, पंचवार्षिक योजना. अध्यक्ष हान्स श्टुब. हा माणूस पक्का आनुवंशिकीवाला, नाझींच्या काळात राजकीयदृष्ट्या अविश्वासू म्हणून नोकरीतून काढलेला. तेव्हा लायसेंको शिखरावर. मॉस्कोतून सांगणं असायचं की एका झाडाचं दुसऱ्यावर कलम केलं की गुण कलमातून पुढच्या पिढीत उतरतात. श्टुबनी भाषणबाजी केली नाही. त्यांनी टोमॅटोवर मोठ्या संख्येनं कलमं केली, बी धरलं, पुढच्या पिढ्या लावल्या, आणि निकाल छापला की काही उतरत नाही. बस. पूर्व जर्मनीत लायसेंकोवाद मूळच धरू शकला नाही, आणि श्टुब साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अध्यक्षपदावर होते.

तेव्हा व्यवस्था तीच, संस्थेचा साचा तोच, निकाल उलटा. बांधावरून, तुमच्या मताला हे बळ देतं असं वरवर वाटेल. पण थांबा. श्टुबना हे जमलं ते नुसत्या हिमतीनं नाही. १९६१ पर्यंत बर्लिनमध्ये भिंत नव्हती. शास्त्रज्ञावर फार दाब दिला तर तो बॅग उचलून पलीकडे जायचा, आणि सरकारला ते माहीत होतं. वाविलोवना ती सोय नव्हती. १९३९ ला एडिंबराच्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेचे ते निवडलेले अध्यक्ष, तरी सरकारनं जाऊच दिलं नाही.

तिफणकर

वा! हा प्रतिसाद धाग्याचा कळस. दार उघडं होतं म्हणून कंट्रोल प्लॉट टिकला.

शंकासुर

एल्बेकाठी, मान गये. म्हणजे समाजवादी अकादमी चालवायला शेजारी भांडवलशाही देश लागतो. =))

लालमाती

आणि भांडवलशाही देशाला सरकारी कृषी विद्यापीठं लागतात, अमेरिकेतली सगळी सरकारी जमीन देऊनच उभी राहिलीत. चालू द्या.

चिनीमाती

चीनचं कुणीच काढलं नाही म्हणून. चिनी कृषी विज्ञान अकादमी १९५७ ची, पहिले अध्यक्ष डिंग यिंग, भाताचे मोठे तज्ज्ञ. त्याच्या आदल्याच वर्षी चिंगदाओला परिषद भरवून सरकारनं सांगितलं होतं की मेंडेलवाले आणि लायसेंकोवाले दोघंही बोला. म्हणजे सुरुवात रशियापेक्षा बरी. तरी दोन वर्षांत माओची ग्रेट लीप मोहीम, दाट लागवड करा, हातभर खोल नांगरा, आकडे फुगवा, आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. अकादमी होती, तज्ज्ञ होते, पण वरून हुकूम आला तेव्हा विचारलं कुणाला?

आणि संकरित भात देणारे युआन लाँगपिंग तर दूर हुनानमधल्या एका आडगावच्या कृषी शाळेतले मास्तर. त्यांनी तरुणपणी रताळ्यावर मूनफ्लॉवरचं कलम करून बघितलं होतं, लायसेंकोच्या शिकवणीप्रमाणे. पहिल्या वर्षी रताळी मस्त, पुढच्या पिढीत सगळं जैसे थे. तिथून गडी मेंडेलकडे वळला.

भाकरतुकडा

नाव चिनीमाती आणि माहितीही चिनी. ओरिजिनल आहे ना? :ड

गोठेवाली

मला एक सांगायचंय, लायसेंकोच्या गायींबद्दल मागे कुठेतरी ऐकलं होतं म्हणून शोधून वाचलं. मॉस्कोजवळ त्याचं फार्म होतं. जर्सी वळू आणून मोठ्या गायींना दिला, आणि दावा काय तर गाभण गायीला भरपूर खाऊ घातलं की वासरू मोठं होतं आणि जर्सीचं फॅट पुढच्या सगळ्या पिढ्यांत टिकतं, जर्सीचा अंश कितीही कमी झाला तरी. आमच्या गोठ्यात जर्सी क्रॉसपण आहेत आणि एचएफ (होल्स्टीन)पण. एचएफचं रेतन करत गेलं की फॅट उतरतं हे डेअरीत रोज सकाळी मशीनवर दिसतं, साडेतीनच्या खाली गेलं की पैसे कापतात. याला कसलं शास्त्र लागतं! १९६५ मध्ये चौकशी समिती बसली तेव्हा कळलं की कमी प्रतीच्या गायी आधीच बाजूला काढल्या जायच्या, आणि गायीमागे दूध वर्षागणिक घटलं होतं. बरं ते मिश्र वळू देशभर वाटलेले.

तिफणकर

ताई, एक नंबर. आणि ही चौकशी कधी झाली बघा. ऑक्टोबर १९६४ ला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव सत्तेवरून गेले, त्यानंतर. आधी एवढी वर्षं ते दूध कुणी मोजलं नव्हतं असं नाही, मोजलेलं वाचायची सोय नव्हती.

अकादमीचं १९४८ चं अधिवेशन, जिथं आनुवंशिकी मोडीत काढली, ते तर अभ्यासण्यासारखं आहे. अकादमीत सभासद निवडून यायचे. त्याआधी थेट हुकमानं पस्तीस नवे सभासद आत घातले. लायसेंकोचं भाषण स्टालिननं स्वतः तपासलेलं. मूळ मसुद्यात होतं की प्रत्येक विज्ञान वर्गाधारित असतं, त्यावर स्टालिननं समासात "हा हा हा, आणि गणिताचं काय?" अशा अर्थाचं लिहिलं. म्हणजे बाबाला कळत होतं हो! तरी शेवटच्या दिवशी लायसेंकोनं उठून सांगितलं की मध्यवर्ती समितीनं माझा अहवाल वाचून मान्य केलाय. संपला विषय. त्या सभेत रापोपोर्ट नावाचा एक जण उभा राहून विरोधात बोलला, युद्धात एक डोळा गमावलेला सैनिक. त्याला पक्षातून काढलं.

आणि त्या अधिवेशनाचे सभापती लोबानोव. पुढे १९६५ ला लायसेंकोचं पानिपत झाल्यावर अकादमीचे अध्यक्ष कोण झाले? तेच लोबानोव.

शंकासुर

ही शेवटची ओळ वाचून चहा सांडला. खुर्ची अमर आहे.

रुमालवाला

घरी आलो, वाचलं. सगळे रशिया-चीन करताय, आपल्या घरात बघा ना. २०१९ च्या बजेटमध्ये झिरो बजेट शेती (बाहेरचं खत-औषध विकत न घेता करायची नैसर्गिक शेती) आली, आणि दिल्लीच्या आपल्या राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीनं पंतप्रधानांना लिहून कळवलं की हे तंत्र सिद्ध झालेलं नाही, यावर पैसा घालू नका. या शेतीचे प्रणेते पाळेकर गुरुजी आपले अमरावतीचे, पद्मश्री. आता यात लायसेंको कोण आणि वाविलोव कोण?

वऱ्हाडी_ठेचा

झालं, आता धाग्याचं काश्मीर. जीवामृत घेऊन येतो, थांबा.

एल्बेकाठी

रुमालवाला, तुलना ताणू नका. तिथं विरोधकांना तुरुंग होता, इथं दोन्ही बाजू पेपरात लेख लिहून एकमेकांना शिव्या देताहेत. हा फरक लहान नाही.

पण तुमच्या उदाहरणात धाग्याचं उत्तर दडलंय असं मला वाटतं. दिल्लीची अकादमी १९९० ची. तिच्याकडे स्वतःच्या संशोधन संस्था नाहीत, फेलो आहेत, त्यांनी बसून मत द्यायचं. प्रयोगशाळा, नेमणुका आणि पैसा आयसीएआरकडे. म्हणून ती "हे सिद्ध नाही" म्हणू शकली, म्हटल्यानं कुणाचं प्रक्षेत्र बंद होणार नव्हतं. वास्खनिलमध्ये मत देणारा, पैसा वाटणारा, नेमणूक करणारा आणि पीक कापणारा सगळं एकाच दाराआड.

बांधावरून

पण मग त्या मताला किंमत काय राहिली? दिल्लीच्या अकादमीनं लिहिलं, सरकारनं नैसर्गिक शेती थांबवली का? नाव बदलून चालूच आहे. वाविलोवच्या अकादमीकडे दात होते, म्हणून तर ती एवढी बियाणी गोळा करू शकली. मी अजूनही एका छताच्याच बाजूचा आहे. फक्त अध्यक्ष सभासदांनी निवडावा आणि वरून पस्तीस माणसं घालता येऊ नयेत एवढी अट.

तिफणकर

ती अट कोण पाळणार भाऊ, ज्याच्याकडे पैसा तोच. आणि आपल्याकडेही आयसीएआरचा महासंचालक हाच केंद्राच्या शेतीसंशोधन खात्याचा सचिव असतो, तेव्हा छत आपलंही फार वेगळं नाही. फरक एवढाच की राज्यांची कृषी विद्यापीठं वेगळी, त्यांचा कुलगुरू दिल्लीचं ऐकतोच असं नाही. राहुरीनं नाकारलेलं अकोल्यात उगवू शकतं. मी ह्या गोंधळाला आयुष्यभर शिव्या दिल्या, कामाची पुनरुक्ती होते, पैसा वाया जातो. तरी मला विचाराल तर मी गोंधळाच्या बाजूनं.

गोठेवाली

काका, अकोल्यावरून आठवलं, तिथं ते देशी वाणांचं बियाणं ठेवणारं सरकारी केंद्र आहे ना, एनबीपीजीआरचं? माझ्या सासूबाईंकडे एक जुनी बुटकी ज्वारी आहे, हुरड्याची. तिथं देता येते का साध्या शेतकऱ्याला?

तिफणकर

येते ताई. आधी पत्र टाका किंवा फोन करा. बी नीट वाळवून, किडकं काढून द्या, गावाचं नाव, कधीपासून लावताय, स्थानिक नाव काय, कोणत्या जमिनीत येते हे लिहून सोबत जोडा, नाहीतर त्याला नुसता नंबर पडतो. आणि थोडं घरी ठेवा, सगळं देऊ नका.